लस टोचलेले गोऱ्हे

सिमरन, कॅन्सस
शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९९४

अल्व्हिना,

परवा फोनवर माझं वाक्य अर्धं असताना तू रिसीव्हर आपटलास. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून लिहितोय. फाडायचं असेल तर आधी पुरतं वाच, मग फाड.

तुझे गोऱ्हे मरताहेत. आजारी आहेत असं म्हणत नाही, मरताहेत. काल पहाटे आमच्या आवारातल्या त्यांच्या कप्प्यात घोडा घातला तर तीन कुंपणाला लागून पडलेले, पाय ताणून. आणखी दोन उभे होते, पण ते उभं राहणं काही खरं नव्हतं. मेलेली जनावरं न्यायला येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर मला म्हणाला, "लीलंड, मी आता या कप्प्यासमोरच खाट टाकतो." एरवी मी त्याच्या विनोदाला हसतो. काल त्याला गाडीसकट हाकललं.

तुला ठाऊक आहे, गुरं पोसून खाटिकखान्याला पाठवणाऱ्या या आवारातल्या आजारी जनावरांचा सगळा कारभार माझ्या हाताखाली आहे. बाजारातून गोळा केलेली वासरं येतात ती चार राज्यांतली, ट्रकमध्ये एकमेकांच्या तोंडावर खोकत आलेली. ती उतरली की आम्ही कुणाला काही विचारत नाही. सगळ्यांना नव्याने लस देतो आणि वर सरसकट औषधाचं इंजेक्शन टोचतो. तुझे गोऱ्हे उतरले तेव्हा मॅनेजर ड्वाइटने विचारलं, "यांनाही टोचायचं ना?" मी म्हणालो, नको. माझ्या बहिणीच्या घरचे आहेत. एकाच कळपातले, दूध तोडून चांगले रुळलेले, दोनदा लस झालेली. उगीच सुया कशाला खुपसायच्या. तो म्हणाला, "तुझा शब्द?" मी म्हणालो, माझा शब्द.

तो शब्द आता कप्प्यात फुगून पडलाय.

तर सरळ विचारतो. लस दिलीस की नाही? तुला लाजवायला विचारत नाही. आमचा गुरांचा डॉक्टर ऑस्ट्रँडर म्हणतो, लस खरोखर झाली असेल तर रोग दुसराच कुठला तरी आहे, मग चाऱ्यापासून पाण्यापर्यंत शोधत बसावं लागेल. झाली नसेल तर आजच्या आज सगळ्या कप्प्याला औषध टोचून उरलेले वाचवता येतील. ड्वाइट अंदाजावर अख्ख्या कप्प्याला औषध टोचू देत नाही. म्हणतो, "आधी बहिणीला विचार." शिवाय तुझ्या कालवडी अजून यायच्या आहेत. बाजारात न नेता थेट तुझ्या दारातून आम्ही गुरं घेतो ती तुझ्या नावावर. ते नाव या कप्प्यात गेलं तर तुझं गुरं पाळणंच संपलं, हे मी सांगायला नको.

तुझा एमिल गेल्यापासून तू एकटी सगळं ओढतेस. काही राहून गेलं असेल तर समजू शकतो. खोटं समजू शकत नाही.

लीलंड

———

मलन, नेब्रास्का
१९ ऑक्टोबर

लीलंड,

तुझं पत्र पुरतं वाचलं. मग फाडलं. मग तुकडे टेबलावर जुळवून परत वाचलं, कारण उत्तर देताना तुझी एकही ओळ सुटायला नको होती.

"राहून गेलं असेल." माझं काय राहून जातं ते एकदा सांग बघू. सदुसष्ट वर्षांची आहे मी. ज्याला मी नाक माझ्या फ्रॉकला पुसत वाढवलं तो मला विचारतो, खरं बोलतेस की खोटं.

ऐक आता. वसंतात ओळखीचे डाग दिले त्या दिवशी एकदा आणि दूध तोडताना एकदा, अशी प्रत्येक गोऱ्ह्याला दोनदा लस दिली. मान अडकवायच्या खोड्याशी मी उभी होते. शेजारच्या रूडी व्लासाकने मान धरायची, मी टोचायचं. लस बर्फाच्या पेटीत, पेटी सावलीत. एका वेळी एकच बाटली कालवायची, ती संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. एक वासरू सुटलं असेल तर हात तोडून देईन.

आणि स्वच्छतेचं म्हणशील तर त्याबद्दल तू तोंडच उघडू नकोस. गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, सगळं खोरं टेबलाशी बसलेलं असताना, तू काय म्हणालास? "विनीच्या वासरांच्या मानेवर अक्रोडाएवढ्या गाठी निघाल्या, विनी सुया शेणात बुडवून टोचते की काय." सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून लस टोचायची सुईवाली पिस्तुलं मी कुणाच्या हातात देत नाही. आदल्या दिवशी नुसत्या ब्लीचमध्ये भिजवते, त्यात पाण्याचा थेंब नाही. कामाच्या वेळीसुद्धा एक बाटली संपली की पिस्तुलात ब्लीच ओढायचं, बाहेर सोडायचं आणि लगेच पुढची बाटली भरायची. पाण्याने धुवायचं नाही, पाण्यातून परत घाण येते. खोऱ्यात सहा घरं आहेत. यंदा सहाही घरांच्या वासरांना माझीच पिस्तुलं लागली आणि माझ्याच पद्धतीने धुतली गेली. आता दाखव मला एका तरी मानेवर गाठ.

गाठी नाहीतच. म्हणून आता हे नवीन काढलंस.

तुझं आवार मी पाहिलंय, लीलंड. शेजारच्या कप्प्यात बाजारची खोकणारी वासरं आहेत की नाहीत? मधलं कुंपण लोखंडी नळ्यांचं, नाकाला नाक लागतं. पाण्याची टाकी दोन कप्प्यांत मिळून एक. माझे गोऱ्हे टेकडीवरच्या वाऱ्यात वाढलेले, त्यांना तू त्या धुळीत उभं केलंस आणि मेले तर म्हणतोस बहीण खोटारडी. तुझे घोडेस्वार काय करतात, घोड्यावर बसून झोपतात?

तुझी बहीण, अजून तरी,
अल्व्हिना

———

सिमरन
२४ ऑक्टोबर

अल्व्हिना,

माझे घोडेस्वार झोपत नाहीत. उजेड फुटायच्या आत ते कप्प्यात असतात आणि त्यांच्याबरोबर एकसष्ट वर्षांचा मी असतो. वासरू आजार लपवतं, हे तू विसरलीस वाटतं. घोडा जवळ आला की लांडगा आल्यासारखं मान वर करतं, कान ताठ करतं, निरोग्यासारखं चार पावलं चालूनही दाखवतं. म्हणून आम्ही आधी लांब उभे राहतो. चारा पडला की गव्हाणीकडे कोण येत नाही ते बघतो. कुणाची बरगडीमागची भकाळी खोल गेली, कोण उठताना दोनदा विचार करतंय. तसं जनावर हळूच बाहेर काढायचं, दवाखान्याच्या खोड्यात घालायचं, ताप बघायचा. तुझ्या गोऱ्ह्यांना एकशे सहा निघतो. औषध देतो, दोन दिवस बरं वाटतं, मग परत मान खाली.

एका डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ असलेला तो आठवतो? त्याची आई तुझ्या पायऱ्यांशी येऊन हंबरायची आणि एमिल तिला पाव द्यायचा. तो काल गेला. मी स्वतः उघडून पाहिला. फुप्फुस हवेने हलकं असतं ना, याचं काळजासारखं घट्ट झालेलं, चाकूला लागत होतं.

प्रयोगशाळेचं उत्तरही आलं. नाकातोंडातून पसरणारा तोच विषाणू. ज्याच्यावरची लस तू दोनदा दिली म्हणतेस, तोच. ड्वाइट म्हणतो, तरीही लशीचं काय झालं ते कळल्याशिवाय अख्ख्या कप्प्यावर औषध उधळणार नाही.

टाकी एक आहे, खरं. शेजारी बाजारची वासरं आहेत, तेही खरं. लस त्याचसाठी असते, बाई. ती बाजारची वासरं आज गव्हाणीवर खाताहेत. त्यांना आम्ही इथे टोचलं. मरताहेत ती तुझी, दोनदा टोचलेली.

मग त्या बाटल्यांत होतं काय? लिंबाचं सरबत?

एकदा म्हण की पेटी उन्हात राहिली. म्हण की बाटल्या जुन्या होत्या. म्हण की रूडीने मान सोडली आणि अर्धी लस हवेत गेली. काय वाटेल ते म्हण, मी ते ड्वाइटच्या टेबलावर ठेवतो आणि दुपारपर्यंत उरलेल्यांना औषध मिळतं. तुझा ताठा सांभाळायला मी रोज सकाळी मढी ओढतोय.

लीलंड

———

मलन
२९ ऑक्टोबर

लीलंड,

माझ्याकडून खोटं वदवून तुझं काम होणार असेल तर ते काम न झालेलं बरं.

शनिवारी, पाच तारखेला, कालवडींना लस आहे. सगळं खोरं येतंय. गोऱ्ह्यांना केलं तसंच करणार, तीच पिस्तुलं, तोच खोडा, तेच हात. तुला साक्षीदार हवे आहेत ना, वीस तरी असतील. मग ये आणि एकेकाला विचार, अल्व्हिना नोवोत्नी खोटी का खरी.

फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली आहे. तुझ्या नावाने घंटा वाजली की कपाळ दुखतं.

अल्व्हिना

———

सिमरन
बुधवार, २ नोव्हेंबर

अल्व्हिना,

शनिवारी त्या पिस्तुलांनी एकाही कालवडीला टोचू नकोस. बाकीचं नंतर वाच, पण हे आधी.

काल तुझं पहिलं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवत होतो. ड्वाइट होता, ऑस्ट्रँडर होता. माझी बहीण कशी हेकट आहे ते दाखवायला वाचत होतो, खरं तेच सांगतो. पिस्तुलांच्या ओळीवर आलो तेव्हा ऑस्ट्रँडरने हातातला डोनट खाली ठेवला.

"थांबा. ते परत वाचा."

"कुठलं? शेणाचं?"

"ब्लीचचं."

परत वाचलं. त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाला, "मिस्टर सेड्लाचेक, तुमच्या बहिणीने लस दिली. अगदी मनापासून दिली. फक्त ती आधीच मेलेली होती."

ही लस जिवंत असते, विनी. तोच विषाणू, दुबळा करून बाटलीत भरलेला. तो जिवंत अंगात गेला तर जनावर त्याच्याशी झुंजायला शिकतं. तू तो ब्लीचने ओल्या पिस्तुलात भरत होतीस. कुठला विषाणू आपला आणि कुठला परका, हे ब्लीचला कळत नाही. मानेपर्यंत पोचायच्या आत तू त्याला मारलंस, बाटलीमागून बाटली, वसंतात आणि परत सप्टेंबरात. या पिस्तुलांना आतून फक्त उकळतं पाणी चालतं. साबणसुद्धा नाही. लशीबरोबरच्या कागदावर खाली ते लिहिलेलं आहे, ऑस्ट्रँडरने मला दाखवलं.

तू खोटं बोलली नाहीस. तुला खोटारडी म्हणालो ते मागे घेतो. राग मागे घेत नाही. दोन आठवडे मी शोधत होतो ते तुझ्या चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं होतं आणि मला ते दिसलं नाही, कारण मी शिव्या मोजत होतो. त्या दोन आठवड्यांत किती गेले ते तुला सांगणार नाही.

आज उरलेल्या कप्प्याला औषध टोचलं.

काल दिवसभर तुला फोन लावला. शेवटी रूडीला लावला. म्हणालो, तिला वायर जोडायला सांग, काम आहे. तो म्हणाला, "भावाबहिणीच्या भांडणात मी पडत नाही बाबा, पण सांगतो." का ते त्याला बोललो नाही. सहा घरं, विनी. तूच लिहिलंयस, सहाही घरांना तुझीच पिस्तुलं लागली. माझ्या तोंडून ते गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत दुकानातल्या काउंटरवर पोचलं असतं आणि तुला सगळ्यांत शेवटी कळलं असतं. ते तुझ्या तोंडून जायला हवं. आणि लवकर जायला हवं, कारण त्यांची वासरंही कुठे ना कुठे उतरली असतील आणि कुणीतरी त्यांच्या शब्दावर औषध न टोचता सोडून दिली असतील.

मी स्वतः आलो असतो. पण दवाखान्याचे कप्पे भरलेत आणि रात्रपाळीचा माणूस काम सोडून गेलाय. हे पत्र जलद टपालाने पाठवतो.

लीलंड

———

मलन
रविवार, ६ नोव्हेंबर

लीलंड,

माझं पत्र तू लोकांना वाचून दाखवलंस. हसवायला. त्याबद्दल मी तुला काय म्हणते ते कागदावर लिहिता येण्यासारखं नाही, भेटशील तेव्हा ऐक.

रूडीने निरोप दिला होता. मी वायर जोडली नाही. वाटलं, परत तेच विचारशील.

पत्र शनिवारी दुपारी आलं. जलद टपाल म्हणून एलवुड पोस्टमन पेटीत न टाकता गाडी थेट गुरांच्या आवारात घेऊन आला. "विनी, सही लागते," म्हणाला. तोवर निम्म्याच्या आसपास कालवडी झाल्या होत्या. मी खोड्याला टेकून वाचलं. दोनदा वाचलं. घडी केली, खिशात घातली आणि पुढच्या कालवडीला टोचलं.

हो, टोचलं. त्या पिस्तुलात काही उरलेलं नाही हे कळल्यावर टोचलं. वीस माणसं बघत होती. हात आपणच उठला. तिच्यानंतर आणखी एकीला टोचलं. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते, आणि हे पत्र जर ड्वाइटसमोर वाचलंस तर मला भाऊ नाही.

मार्लिस ट्रेप्टो कालवडी आत सोडायच्या दारावर होती. पूर्वेकडच्या घरची मार्लिस, तुझ्याबरोबर शाळेत होती ती. तिने माझा चेहरा पाहिला असणार. आली आणि म्हणाली, "दमलीस का गं? दे इकडे, मी टोचते. तुझ्याइतकं स्वच्छ नाही जमायचं मला, पण चार-दोन करते."

ते 'स्वच्छ' ऐकलं आणि माझा हात खाली आला.

मी म्हणाले, काम थांबवा. रूडी म्हणाला, "अजून खूप आहेत की." मी म्हणाले, थांबवा आणि इकडे या सगळे. मग सांगितलं. ब्लीचचं, लशीचं, तुझ्याकडे मेलेल्या गोऱ्ह्यांचं. सजवून सांगितलं नाही. तीन-चार वाक्यांत संपलं ते.

कालवडी तेवढ्या खोड्यात पाय आपटत होत्या.

मग रूडीने विचारलं, "म्हणजे माझ्या घरची?"

"हो."

"कोनिचेकांची?"

"सगळ्यांची, रूडी. मी धुतली ती सगळी."

"तू आम्हाला आमच्या घरीसुद्धा पिस्तुलांना हात लावू देत नव्हतीस, विनी." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी तुला म्हणालो होतो, माझा बाप गरम पाण्याने धुवायचा. तू म्हणालीस, तुझ्या बापाच्या वासरांना गाठी यायच्या. माझ्या बायकोसमोर म्हणालीस."

मार्लिस म्हणाली, "माझी सोमवारी गेली."

"कुठे?"

"कोलोराडोत, स्टर्लिंगजवळच्या एका आवारात. तो खरेदीदार रोज फोन करतो. म्हणतो, तुमची वासरं खोकताहेत, लस दिली नाही तुम्ही. मी त्याला चोर म्हणाले. फोनवर, आवाज चढवून. म्हणाले, आमच्या खोऱ्यात अल्व्हिना नोवोत्नी स्वतः लस देते, तू कोण विचारणारा." एवढं म्हणून ती हातमोजे काढायला लागली. एकेक बोट ओढून काढत होती. "तुझ्या जिवावर म्हणाले मी ते."

आणि गेली. तिच्यामागून दुसरे. गाड्या एकामागोमाग निघाल्या.

गॅरेजात टेबलं मांडलेली होती, लीलंड. मांस भाजलेलं, घेवडा, बटाटे, मार्लिसला आवडतो तो खसखस भरलेला गोड पाव, कोलाच. मजुरी इथे कुणी देत नाही आणि घेत नाही, जेवण तीच मजुरी, हे तुला सांगायला नको. आपला बाप हिमवादळात फाटकापर्यंत धावून माणसांना जेवायला परत आणायचा. काल माझ्या दारातून वीस माणसं उपाशी गेली. मी एकालाही थांब म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? कालवडी तशाच सोडल्या. अन्न कुत्र्यांना घातलं, त्यांनाही संपलं नाही.

आता तू. तू त्या टेबलावर हसलास म्हणून मी ब्लीच आणलं. हे खरं आहे आणि मरेपर्यंत तुला ऐकवीन. पण बाटली उघडली मी, आणि सहा घरांना ती लावली मी, ते तुझ्या माथी मारता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

मार्लिस माझा फोन उचलत नाही. तिच्या खरेदीदाराचा नंबर खाली देते. तूच बोल त्याच्याशी, तुम्ही लोक एका भाषेत बोलता. आणि डॉक्टरला विचार, कालवडींना परत कधी टोचायचं. टोचलेल्यांनाही परत, ना?

अल्व्हिना

———

सिमरन
११ नोव्हेंबर

विनी,

तुझं पत्र कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

सगळ्या कालवडींना परत द्यायची. टोचलेल्या आणि न टोचलेल्या असा भेद करू नकोस. दूध तुटल्याचे आणि खोड्याचे हाल नुकते झालेत, म्हणून थोडं थांब. ऑस्ट्रँडर म्हणतो, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार बरा. पाणी खळखळून उकळायचं, पिस्तुलं गार झाल्यावरच भरायची. जुनी फेकून दे. मी नवी पाठवतो आहे, आणि याच्यावर तू भांडू नकोस.

कोलोराडोच्या माणसाशी बोललो. पहिली पाच मिनिटं त्याने मला झोडपलं. मी ऐकून घेतलं, मग सांगितलं. तो म्हणाला, "हे मला आठवड्यापूर्वी का नाही सांगितलं कुणी?" मी म्हणालो, कारण आम्ही दोघं भांडत होतो. त्याच दुपारी त्याने मार्लिसच्या सगळ्या वासरांना औषध टोचलं. काल त्याने स्वतः फोन केला. दोन गेली, बाकीची खाताहेत. तू बोलली नसतीस तर अख्खा कप्पा गेला असता, हे त्याचे शब्द. मार्लिसलाही त्याने ते सांगितलंय. तिला ऐकून काय वाटलं ते त्याला माहीत नाही.

तुझे उरलेले गोऱ्हे उभे आहेत. काही कायमचे धापा टाकत राहतील, त्यांचं वजन कधीच भरणार नाही. बाकीचे गव्हाणीवर ढकलाढकली करतात. भांडणारं जनावर बघितलं की मला बरं वाटतं.

माझी मुकादमी गेली. आता परत नुसता घोडा आणि दोर. ड्वाइट वाईट माणूस नाही. म्हणाला, "लीलंड, शब्दावर आवार चालत नाही." कालवडी घेईल तो, पण ऑस्ट्रँडरने रक्त तपासून हो म्हटल्यावर. माझ्या म्हणण्याला आता किंमत नाही आणि ते ठीकच आहे.

हसण्याबद्दल. गाठी होत्या, म्हणून हसलो. सगळ्यांसमोर हसायला नको होतं. यापुढे बोलायचं ते तुझ्या एकटीजवळ बोलीन आणि तेव्हा अजिबात सौम्य बोलणार नाही.

मी येऊ का? रजा मिळणार नाही, पण मी येतो.

लीलंड

———

मलन
रविवार, २७ नोव्हेंबर

लीलंड,

येऊ नकोस म्हणून फोन केला तो यासाठी की तिथे तुझ्या मागे माझे गोऱ्हे बघायला कुणी नव्हतं. तू चिडलास. चिड.

थँक्सगिव्हिंग मी एकटीने केलं. टर्की आणली नाही, अंडी तळून खाल्ली. त्याआधी पाचही घरांना फोन केला. एवढंच म्हणाले, "शनिवारी कालवडी आहेत. उकळतं पाणी आहे, नवी पिस्तुलं आहेत. मदत हवी आहे. नाही आलात तरी समजेन." कुणी हो म्हणालं नाही. कोनिचेकच्या बायकोने ऐकून नुसता फोन ठेवला. मार्लिसने या वेळी उचलला तरी.

काल सकाळी पाणी चुलीवर चढवलं आणि एकटीनेच सुरुवात करायची ठरवलं. एका बाईने कालवडी आत घ्यायच्या, मान अडकवायची, टोचायचं, सोडायचं. तीन दिवस लागले असते. लागू देत म्हटलं.

सात वाजता रूडीची गाडी आली. त्याने मला नमस्कार केला नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरला, चुलीवरच्या पाण्यात डोकावला.

"हे उकळलेलं नाही."

"वाफ येते आहे की."

"वाफ म्हणजे उकळणं नव्हे. बुडबुडे हवेत. ठेव परत." आणि खुर्ची ओढून पाण्यासमोर बसला. जरा वेळाने म्हणाला, "मी तुझ्यासाठी आलेलो नाही, विनी. गुरांसाठी आलोय."

"माहीत आहे."

"माहीत असलेलं बरं."

मग कोनिचेक भाऊ आले, मग आणखी दोन गाड्या. शेवटी मार्लिस. ती माझ्याकडे न बघता थेट दारावर गेली आणि सकाळभर तिने ते दार उघडलं आणि लावलं. तिच्याइतकं नेमकं दार कुणी सांभाळत नाही, एकही कालवड उलटी फिरली नाही. दर बाटलीनंतर रूडी माझ्या हातातून पिस्तुल काढून घ्यायचा, स्वतः गरम पाण्यातून काढायचा, गार होईपर्यंत धरून ठेवायचा आणि मग परत द्यायचा. मी दर वेळी देत होते. सहा महिन्यांपूर्वी कुणी माझ्या हातातून पिस्तुल घेतलं असतं तर मी त्याला शेणात ढकललं असतं.

गॅरेजात मी या वेळी टेबलं मांडली नव्हती. मांडली असती तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. दुपारी सगळे आपापल्या गाडीत जाऊन बसले. घरून आणलेले पावाचे तुकडे कागदातून काढून, काचा वर करून, प्रत्येक जण पुढे बघत खात होता. माझ्या दारात, लीलंड, ओळीने पाच गाड्या उभ्या आणि जो तो आपल्याच गाडीत जेवतोय, असं आपल्या आईने पाहिलं असतं तर ती तिथेच बसली असती.

मी कॉफी केली. ट्रेवर कप ठेवले आणि बाहेर गेले. प्रत्येक काचेशी जाऊन उभी राहिले. रूडीने काच खाली केली. "साखर?" म्हणाला. "घातली आहे." त्याने घेतली. कोनिचेकांनी घेतली, धाकटा थँक्यूही म्हणाला, थोरल्याने त्याच्याकडे रागाने बघितलं. पुढच्या दोन गाड्यांच्याही काचा उतरल्या.

मार्लिसची गाडी शेवटी होती, इंजिन चालू ठेवलेलं. मी कप धरून उभी राहिले. कॉफीची वाफ काचेवर बसत होती आणि मला तिचा चेहरा नीट दिसेना. तिला मी दिसत असणार. ती खात राहिली. कॉफीची वाफ संपली तरी काच हलली नाही.

मग मी कप तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, तिला दिसेल असा, आणि खोड्याकडे परत गेले. अजून निम्म्या कालवडी राहिल्या होत्या. थोड्या वेळाने मागे मार्लिसने कालवडींचं दार उघडून लावल्याचा आवाज आला आणि पुढची कालवड आत आली.

विनी